एसच्या अलीकडे की पलीकडे?

वडोदरा शहराच्या दक्षिण अंगाला मकरपुरा आहे. एकेकाळी गायकवाडांचा राजवाडा ही त्याची ओळख होती; आता त्या नावाबरोबर जीआयडीसीची औद्योगिक वसाहत आठवते. तेथील कारखान्यात नव्याने लागलेला कामगार गुजराती असो, की पिढ्यान् पिढ्या वडोदऱ्यात राहिलेल्या मराठी घरातला, त्याच्या हाती पहिल्या महिन्यात जे कागद पडतात त्यांवर तीन केंद्रीय कायद्यांची इंग्रजी नावे हमखास भेटतात. वेर्णे किंवा कुंडई येथे काम करणाऱ्या गोमंतकीयालाही ती नावे अपरिचित नाहीत. पहिले 1948च्या एम्प्लॉईज’ स्टेट इन्शुरन्स ॲक्टचे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईएसआय’चे. दुसरे 1952च्या एम्प्लॉईज’ प्रॉव्हिडंट फंड्स अँड मिसलेनियस प्रोव्हिजन्स ॲक्टचे, म्हणजे ‘पीएफ’चे. तिसरे कामावर अपघात झाल्यास भरपाई देणाऱ्या एम्प्लॉई’ज कॉम्पेन्सेशन ॲक्टचे, ज्याचे मूळ साल 1923 आहे.

डोळे बारीक करून पाहिले तर एक फरक दिसतो. पहिल्या दोन नावांत वर टांगलेला स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, शेवटच्या एस या अक्षराच्या नंतर आहे. तिसऱ्यात तो एसच्या आधी आहे. (या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना ते चिन्ह मूळ जागीच ठेवले आहे. एस हे अक्षर उच्चाराप्रमाणे कधी ‘स’, तर कधी ‘ज’ असे उमटेल.) हा छपाईतला हलगर्जीपणा नव्हे. पहिल्या दोन नावांचा अर्थ ‘कर्मचाऱ्यांचा’ असा आहे आणि तिसऱ्याचा ‘कर्मचाऱ्याचा’. मराठीत जे काम एका अनुस्वाराने होते, ते इंग्रजीत त्या चिन्हाच्या अर्ध्या पावलाच्या सरकण्याने होते.

मराठी माणूस नेमका येथेच अडखळतो, आणि त्याचे कारण इंग्रजीचे अज्ञान हे नसून मराठीचे ज्ञान हे आहे.

आपल्याकडे नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि ते रूप एकवचनी की अनेकवचनी हे अनुस्वार सांगतो. मुलाचा आणि मुलांचा, मुलीचा आणि मुलींचा, घराचा आणि घरांचा. 1962च्या लेखनविषयक नियमांनी जुन्या मराठीतले कितीतरी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र राखला, कारण तो केवळ दिसत नाही, तर ऐकूही येतो. ‘कामगारांचा’ म्हणताना नाकातून जो सूर निघतो, तो ‘कामगाराचा’ म्हणताना निघत नाही.

इंग्रजीत तशी सोय नाही. वर्कर्स म्हणजे अनेक कामगार, वर्कर’स म्हणजे एका कामगाराचा, वर्कर्स’ म्हणजे अनेक कामगारांचा. तिन्हींचा उच्चार तंतोतंत एकच. दूरध्वनीवरून कुणी हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याने केवळ संदर्भावरून अर्थ लावायचा. वचनाचा आणि स्वामित्वाचा सगळा भार कागदावरच्या एका मुक्या चिन्हावर टाकलेला आहे.

असे का झाले, याचा इतिहास थोडक्यात असा. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘एस’ अंती असलेला वेगळा प्रत्यय होता. कालांतराने त्यातला स्वर झिजला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या प्रभावाने अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली, ती गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून; आजही ‘कान्ट’ किंवा ‘डोन्ट’ लिहिताना ती तेच काम करते. षष्ठीतल्या गळालेल्या स्वराच्या जागीही ती बसू लागली आणि हळूहळू स्वामित्वाचीच खूण ठरली. अनेकवचनी स्वामित्वासाठी ती एसच्या पलीकडे ठेवण्याचा प्रघात त्याहून उशिराचा, अठराव्या शतकात रुळत गेलेला. म्हणजे इंग्रजांनाही ही शिस्त सहज सुचलेली नाही. त्यांच्या फळवाल्यांच्या पाट्यांवर नुसत्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लावलेली आजही आढळते. आपल्याकडे ‘पिझ्झा’ज’ किंवा ‘टॅक्सी’ज’ लिहिणारा रंगारी त्याच परंपरेतला.

नियम सांगायला सोपा आहे. आधी मालक किती हे ठरवावे आणि त्याचे रूप पूर्ण लिहावे. मालक एक असेल तर त्यापुढे अपॉस्ट्रॉफी आणि एस. मालक अनेक असून अनेकवचनाच्या शेवटी एस आधीच असेल, तर त्यापुढे केवळ अपॉस्ट्रॉफी. अनेकवचन एसशिवाय होत असेल, तर पुन्हा अपॉस्ट्रॉफी आणि एस. यापलीकडे फारसे काही नाही. तरीही हात चुकतो, आणि मराठी माणसाचा हात काही ठरावीक ठिकाणी चुकतो.

पहिले ठिकाण आपल्या ‘चा-ची-चे’मध्ये आहे. मराठीत षष्ठीचा प्रत्यय मालकाला चिकटतो, पण वळतो तो मालमत्तेकडे पाहून. कामगाराचे अवजार, कामगाराची अवजारे, कामगारांचे अवजार, कामगारांची अवजारे. मालक एक की अनेक हे अनुस्वाराने कळते, आणि वस्तू कोणत्या लिंगवचनाची हे प्रत्ययाने कळते. त्यामुळे षष्ठी लिहिताना पुढच्या शब्दाकडे नजर टाकण्याची सवय आपल्याला बालपणापासून असते. इंग्रजी लिहिताना ती सवय घात करते. अवजारे पुष्कळ आहेत हे दिसताच एका कामगाराच्या अवजारांसाठीही वर्कर्स’ टूल्स असे लिहिले जाते. वास्तविक एका कामगाराची पेटीभर अवजारे असली तरी ती वर्कर’स टूल्सच, आणि दहा कामगारांनी मिळून वापरलेले एकच यंत्र असले तरी ते वर्कर्स’ मशीन. इंग्रजी अपॉस्ट्रॉफीला मालमत्तेशी काहीही देणेघेणे नाही.

दुसरे ठिकाण अधिक गमतीचे आहे आणि त्यासाठी मकरपुऱ्याच्या राजवाड्याकडे वळावे लागते. हा राजवाडा खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1870च्या सुमारास, उभा राहिला. पुढे सयाजीराव महाराजांनी त्याचा विस्तार केला. आज तेथे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. मराठीत आपण त्याला ‘गायकवाडांचा राजवाडा’ म्हणतो. या अनुस्वाराचा अर्थ काय? तो अनेक गायकवाडांचा असू शकतो, किंवा एकाच गायकवाड महाराजांचा, आदरार्थी बहुवचनातला. ‘सयाजीरावांचा’ या शब्दात सयाजीराव एकच आहेत. अनुस्वार संख्येचा नव्हे, मानाचा आहे. ‘बाबांचा’, ‘सरांचा’, ‘आजींचा’ यांतही तेच.

इंग्रजीत मान देण्याची ही रीत नाही. सयाजीरावांचा म्हणजे सयाजीराव’स. तेथे एसच्या पलीकडे चिन्ह नेले, तर एकाहून अधिक सयाजीराव निर्माण होतात. ‘सरांचे हस्ताक्षर’ याचे इंग्रजी करताना अनुस्वाराला प्रमाण मानून सर्स’ लिहिणारा विद्यार्थी मराठीशी पूर्णपणे प्रामाणिक असतो, आणि तरी गुण गमावतो. तेव्हा ‘मराठीत अनुस्वार असेल तर अपॉस्ट्रॉफी पलीकडे’ ही युक्ती वापरायला हरकत नाही, ती बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. मात्र तो अनुस्वार मोजणीचा आहे की आदराचा, हे आधी विचारून घ्यावे.

बडोदे संस्थानाच्या जुन्या इंग्रजी नावांत हा विवेक काटेकोरपणे पाळलेला दिसतो. संस्थानाच्या नॅरोगेज रेल्वेचे नाव गायकवार’स बडोदा स्टेट रेल्वे. 1916पासून निघू लागलेल्या संस्कृत ग्रंथांच्या मालेचे नाव गायकवाड’स ओरिएंटल सीरिज. दोन्हींत चिन्ह एसच्या आधी. ‘गायकवाड’ हे कुळाचे आडनाव असले, तरी इंग्रजी दप्तरात ‘द गायकवाड’ म्हणजे गादीवर असलेला राजा, एकच व्यक्ती. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग मध्येच बदलले, शेवटचा आर जाऊन डी आला. अपॉस्ट्रॉफी मात्र हलली नाही. उद्या कुणाला त्या घराण्याच्या सर्व राजवाड्यांविषयी इंग्रजीत लिहायचे झाले, तर द गायकवाड्स’ पॅलेसेस असे लिहावे लागेल, कारण तेथे मालक कूळ आहे. मकरपुऱ्याच्या एकट्या राजवाड्याबद्दल काय लिहावे हे लिहिणाऱ्याला काय सांगायचे आहे त्यावर ठरेल. बांधणारा सांगायचा असेल तर खंडेराव’स, बांधणारा आणि वाढवणारा दोन्ही सांगायचे असतील तर गायकवाड्स’. मराठीतला ‘गायकवाडांचा’ हे ठरवण्याच्या त्रासातून आपल्याला सोडवतो. इंग्रजी सोडवत नाही.

आता पुन्हा कारखान्याच्या कागदांकडे. 1923च्या भरपाई कायद्याचे मूळ नाव वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन ॲक्ट असे होते. ‘वर्कमेन’ हे एसशिवाय झालेले अनेकवचन, म्हणून चिन्ह एसच्या आधी. पण अर्थ अनेकांचा. मेन, वीमेन, चिल्ड्रन, पीपल ही सगळी याच पंगतीतली. मुलींच्या वसतिगृहावर गर्ल्स’ हॉस्टेल लिहायचे, पण महिला महाविद्यालयावर वीमेन’स कॉलेज. बालदिनाला चिल्ड्रन’स डे म्हणायचे, पण शिक्षक दिनाला टीचर्स’ डे. वीमेन्स’ आणि चिल्ड्रन्स’ ही रूपे दिसतात खूप, पण चुकीची आहेत, कारण ‘वीमेन्स’ नावाचे अनेकवचन इंग्रजीत अस्तित्वातच नाही.

2009च्या दुरुस्तीने त्या कायद्यातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉई’ आला, आणि 18 जानेवारी 2010पासून कायदा एम्प्लॉई’ज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झाला. नाव बदलताना अनेकवचनही गेले. कायदा करणाऱ्यांनी यावर किती विचार केला हे बाजूला ठेवू; परंतु झालेला भेद अर्थाला धरून आहे. ईएसआयमध्ये कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जातात, ते साऱ्यांच्या सामाईक विम्यात. आजारी कोण पडेल हे आधी ठाऊक नसते. तो खरोखरच कर्मचाऱ्यांचा विमा आहे. भरपाई मात्र ज्याचा हात यंत्रात गेला त्या एकाची असते, आणि तो दगावला तर त्याच्या कुटुंबाची. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे तिन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले, तरी बोलण्यात आणि दप्तरात जुनी नावे एवढ्यात पुसली जाण्याची शक्यता कमी.

या नावांची मराठी रूपे पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा. अनुस्वार नाही, प्रत्ययही नाही. मराठीने समासाचा आधार घेतला आणि षष्ठी तत्पुरुषात प्रत्ययाबरोबर वचनही गाळले. ‘कामगार कायदा’ एका कामगाराचा की अनेकांचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजीतही अशी पळवाट आहे: एक नाम दुसऱ्याच्या पुढे विशेषणासारखे ठेवले की अपॉस्ट्रॉफी लागत नाही. स्पोर्ट्स डे, सेव्हिंग्ज अकाउंट, सेल्स मॅनेजर यांत एस आहे, पण स्वामित्व नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दिवसाचे अधिकृत लेखन व्हेटरन्स डे असे चिन्हाशिवायच होते. उलट मदर’स डे रूढ करण्यासाठी झटलेल्या ॲना जार्विस यांचा एकवचनाचा आग्रह प्रसिद्ध आहे. जगातल्या सगळ्या मातांचा नव्हे, तर ज्याने त्याने आपल्या एका आईचा दिवस पाळावा, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या ‘मातृदिना’त हा आग्रह दिसायला जागाच नाही.

नेमणूकपत्रात मात्र पळवाट सहसा सापडत नाही. नोकरी सोडताना किती मुदत द्यायची, हे कलम इंग्रजीत षष्ठीनेच लिहिण्याची पद्धत आहे: वन मंथ’स नोटीस, थ्री मंथ्स’ नोटीस. काळालाही इंग्रजी मालक मानते. मराठीत हेच ‘एका महिन्याची’ आणि ‘तीन महिन्यांची’ असे होते, आणि अनुस्वार येथे प्रामाणिक वाटाड्या आहे, कारण महिन्याला कुणी आदरार्थी बहुवचन लावत नाही. आकडा स्पष्ट लिहिलेला असताना चिन्ह चुकले तरी फार बिघडत नाही. आकडा नसेल तेव्हा बिघडते. भाडेकरारात टेनंट’स कन्सेंट असेल तर एका भाडेकरूची संमती पुरेशी, असे म्हणता येते. टेनंट्स’ कन्सेंट असेल तर सर्वांची मागता येते. दोन भावांच्या मिळकतीच्या कागदात ओनर’स शेअर की ओनर्स’ शेअर, यावर वाटणीचा अर्थ फिरू शकतो.

हे केवळ कल्पनेतले संकट नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या जिल्हा न्यायालयात 2021मध्ये एक बदनामीचा दावा उभा राहिला. मालमत्ता विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या एका एजंटाने फेसबुकवर आपल्या जुन्या मालकाविषयी लिहिले होते की, हा माणूस एम्प्लॉईज सुपरॲन्युएशन भरत नाही. सुपरॲन्युएशन म्हणजे मालकाने भरावयाचा निवृत्तीचा निधी, आपल्या पीएफचा सख्खा चुलतभाऊ. वाक्यात अपॉस्ट्रॉफी नव्हती. आपल्याला एम्प्लॉई’ज, म्हणजे स्वतःचेच पैसे अभिप्रेत होते, असा त्याचा बचाव. न्यायालयाने दावा आरंभीच निकाली काढण्यास नकार दिला. एका कर्मचाऱ्याचे पैसे थकणे ही दुर्दैवी बाब म्हणून सोडून देता येईल, पण अनेकांचे थकवणे हे जाणूनबुजून केल्यासारखे दिसते, आणि लिहिलेल्या शब्दातून तसा अर्थ निघू शकतो, असा न्यायाधीशांचा रोख होता. फेसबुकवर घाईघाईत टंकलेल्या एका ओळीसाठी त्या माणसाला खटल्याला सामोरे जाणे भाग पडले.

भारतात केंद्रीय कायद्यांपुरती एक ढाल आहे. 1897च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 13 सांगते की, संदर्भाला बाध येत नसेल तर एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन अंतर्भूत समजावे. त्यामुळे भरपाई कायद्याच्या नावात एकच कर्मचारी असला, तरी एका अपघातात जखमी झालेल्या पाच जणांना तो लागू होतो. पण ही ढाल कायद्याच्या मजकुराला आहे. भाडेकरार, भागीदारीपत्र आणि फेसबुकवरची तक्रार तिच्या आड आपोआप येत नाहीत; तेथे पक्षकारांनी जे लिहिले आणि जे अभिप्रेत होते त्यावरच वाद होतो.

वडोदऱ्याच्या राजवाड्यावरून उपस्थित झालेला एक की अनेक हा प्रश्न गोमंतकात एका प्रसिद्ध वास्तूच्या नावातच दडलेला आहे. जुन्या गोव्यात मांडवीच्या बाजूला असलेली कमान इंग्रजीत सहसा व्हाइसरॉय’ज आर्च म्हणून ओळखली जाते, म्हणजे एका व्हाइसरॉयची कमान. पोर्तुगीज नाव आहे आर्को दोस व्हिसे-रेइस. पोर्तुगीजमध्ये ‘दो’ म्हणजे एकाचा आणि ‘दोस’ म्हणजे अनेकांचा. अर्थात ही कमान व्हाइसरॉयांची. ती उभारली वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, तो स्वतः व्हाइसरॉय असताना. बांधणाऱ्याच्या हिशेबाने इंग्रजी एकवचन खपून जाते. परंतु नवा व्हाइसरॉय नगरात प्रवेश करायचा तो या कमानीखालून, आणि असे व्हाइसरॉय एकामागून एक आले. पोर्तुगीज नाव तो प्रघात सांगते. इंग्रजी नाव, चिन्ह एका अक्षराने अलीकडे राहिल्यामुळे, तो गाळते. व्हाइसरॉयज’ आर्च असे लिहिणे अधिक न्याय्य ठरले असते.

गोमंतकीयांपुढे आणखी एक खास पेच असतो, आडनावांचा. फर्नांडिस, गोम्स, दियस, रॉड्रिग्स यांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एस मुळातच आहे. त्यामुळे ही आडनावे पाहताच अनेकवचनाचा भास होतो आणि अपॉस्ट्रॉफी नुसतीच पुढे टेकवली जाते. एका फर्नांडिस यांच्या घरासाठी फर्नांडिस’स हाउस असे लिहावे. दुसरा एस न लावता फर्नांडिस’ हाउस लिहिण्याचीही रीत आहे आणि ती चूक मानली जात नाही. पण घर अख्ख्या कुटुंबाचे असेल तर आधी आडनावाचे अनेकवचन करावे लागते, फर्नांडिसेस, आणि मग चिन्ह: द फर्नांडिसेस’ हाउस. नाईक किंवा कामत यांचे काम तुलनेने हलके: द नाईक्स’, द कामत्स’. आणि फाटकावरच्या पाटीवर ‘हाउस’ हा शब्द लिहायचाच नसेल, येथे कोण राहते एवढेच सांगायचे असेल, तर नुसते द फर्नांडिसेस किंवा द नाईक्स पुरे. तेथे अपॉस्ट्रॉफीची गरज नाही.